फेच, फाइलसिस्टम आणि टाइम: तीन एमसीपी सर्व्हरची वर्णनं शब्दन्‌शब्द वाचून लिहिलेला रिव्ह्यू

आमचं चौघांचं छोटं ऑफिस आहे सांगलीत, हळदीच्या अडत दुकानांसाठी स्टॉक आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवतो. यंदा ठरवलं की मुनीमजींना स्क्रीन शोधत बसायला नको, साध्या मराठीत टाइप करावं की अमक्या गोडाऊनात राजापुरी हळद किती शिल्लक आहे आणि एआय एजंटने आमच्या सॉफ्टवेअरमधून काढून सांगावं. त्यासाठी स्वतःचा एमसीपी सर्व्हर, म्हणजे एजंटला आमच्या सॉफ्टवेअरशी जोडणारा प्रोग्राम, लिहायचा होता, मग चांगला नमुना म्हणून एमसीपीच्या अधिकृत रेपॉझिटरीत ठेवलेले सर्व्हर घेतले, त्यातले फेच, फाइलसिस्टम आणि टाइम हे तीन आता आमच्याकडे रोजच्या वापरात आहेत. रिव्ह्यू या तिघांचा, पण मी त्यांचा स्पीड वगैरे मोजलेला नाही, मी बघतोय ते त्यांच्या टूलची वर्णनं कशी लिहिलीत. कारण काम तिथेच जमतं नाहीतर तिथेच फसतं, हे आम्ही या सीझनला अनुभवलंय.

ज्यांना एमसीपी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआय एजंटला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडायची ठरलेली पद्धत. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्टँडर्ड सगळ्यांसाठी खुलं केलं. सर्व्हर एजंटला टूलची, म्हणजे त्याला करता येतील अशा कामांची, यादी देतो, त्यात प्रत्येक टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कुठली माहिती कुठल्या फॉर्ममध्ये द्यायची याचा जेसन स्कीमा असतो. मॉडेलला, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयला, टूलबद्दल जे कळतं ते साधारण एवढ्यावरूनच. तुम्ही वेबसाइटवर सुंदर मॅन्युअल लिहिलंय, यूट्यूबवर डेमो टाकलाय, फोनवर सपोर्ट देता, यातलं काहीही त्याच्यासमोर नसतं. माणूस अडला की शेजारच्याला विचारतो, अरे हे काय आहे रे, एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, समोर जे चार शब्द आहेत त्यावरून अंदाज बांधतो आणि पुढे जातो.

आता आधी फेच, कारण मला सगळ्यात जास्त शिकायला याच्याकडून मिळालं. याचं काम एवढंच, वेबपेजचा पत्ता द्या, तो पान आणून मार्कडाउन या साध्या टेक्स्टच्या रूपात मजकूर देतो. पण वर्णन बघा काय लिहिलंय: पहिल्या वाक्यात काम सांगितलंय आणि लगेच पुढे मॉडेललाच उद्देशून सांगितलंय की आधी तुझ्याकडे इंटरनेट नव्हतं, असं विचारलं तर नाही म्हणायचं असं तुला सांगितलेलं होतं, पण आता या टूलमुळे तुला इंटरनेट मिळालंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन मिनिटं थांबलो. ज्याने लिहिलं त्याला पक्कं माहीत होतं की वाचणारा कुठला गैरसमज मनात घेऊन येणार आहे आणि तो गैरसमज त्याने दुसऱ्या वाक्यातच काढून टाकला. आपण डॉक्युमेंटेशन लिहिताना टूल काय करतं ते लिहितो, वाचणाऱ्याच्या डोक्यात आधी काय बसलेलं असेल ते कोण बघतो?

त्याच्याहून भारी गोष्ट पुढे आहे. फेच एका वेळी ५००० कॅरॅक्टर देतो, हा डीफॉल्ट आकडा, बदलता येतो. पान मोठं असेल तर मजकूर तोडतो आणि शेवटी एक ओळ जोडतो की मजकूर कापलाय, पुढचा हवा असेल तर स्टार्ट इंडेक्समध्ये हा आकडा टाकून मला परत बोलवा. आकडा तयार असतो, मॉडेलला बेरीज करावी लागत नाही. एकदा निर्यातीच्या नियमांचं एक लांबलचक पान आम्ही असं वाचायला दिलं आणि मी लॉग उघडून बसलो होतो, पहिला कॉल शून्यापासून, मग ५०००, मग १००००, मग १५०००, चौथ्या कॉलच्या शेवटी ती ओळ आली नाही आणि एजंट थांबला, आणि तिसऱ्या तुकड्यात जो पॅकिंगचा नियम होता तो बरोबर उचलून उत्तरात दिला. एकाही माणसाने त्याला पान तुकड्यातुकड्याने वाच असं सांगितलं नव्हतं. टूलने परत दिलेला मजकूर हे सुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे, आणि ते ज्या क्षणी लागतं त्या क्षणी मिळतं, हे मला त्या लॉगमध्ये डोळ्याने दिसलं.

एरर मेसेज पण तसाच विचार करून लिहिलाय. काही साइट रोबोट्स फाइलमध्ये सांगतात की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने हे पान घेऊ नये. अशा वेळी फेच नुसतं फेल म्हणत नाही, कारण सांगतो, पान बघता आलं नाही हे युजरला कळवायलाच हवं असं सांगतो, आणि युजर स्वतःहून ते पान आणायचा प्रयत्न करू शकतो हेही सांगतो. म्हणजे काय झालं, कुणाला सांगायचं आणि पुढचा रस्ता काय, तिन्ही एकाच मेसेजमध्ये.

कमी काय आहे तेही सांगतो. कापल्याच्या ओळीत पुढचा आकडा आहे पण एकूण मजकूर किती ते नाही, त्यामुळे अजून एक तुकडा राहिलाय की चाळीस राहिलेत हे मॉडेलला ठरवता येत नाही. आणि आपल्या मराठीसाठी एक खास गोष्ट, ते ५००० म्हणजे युनिकोडचे कॅरॅक्टर. सांगली हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं दिसतो पण मोजताना स, काना, अनुस्वार, ग, ल आणि वेलांटी असे सहा होतात. त्यामुळे मराठी पानाचे ५००० डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांच्या हिशोबापेक्षा लवकर संपतात, आणि कापताना बरोबर ल आणि त्याच्या वेलांटीच्या मध्ये पण कापलं जाऊ शकतं. मराठी साइट वाचायला देणार असाल तर तो आकडा वाढवून ठेवा.

फाइलसिस्टम हा कॉम्प्युटरवरच्या फाइल वाचायला, लिहायला, शोधायला. इथे टूल बरीच आहेत म्हणून वर्णनांची खरी परीक्षा इथे होते, कारण एकसारखी दिसणारी चार टूल समोर असली की त्यातलं कुठलं घ्यायचं हे वर्णनाने सांगावं लागतं. हे याने छान केलंय. एक फाइल वाचायचं टूल वेगळं, अनेक फाइल वाचायचं वेगळं, आणि अनेकवाल्याच्या वर्णनात कारण दिलंय की फाइलींची तुलना किंवा विश्लेषण करायचं असेल तर एकेक वाचण्यापेक्षा हे बरं पडतं, आणि एखादी फाइल उघडली नाही म्हणून सगळं काम थांबत नाही. जुनं रीड फाइल हे टूल अजून ठेवलंय पण त्याच्या वर्णनातच लिहिलंय की हे जुनं झालं, त्याऐवजी रीड टेक्स्ट फाइल वापरा. फाइल लिहायच्या टूलमध्ये स्पष्ट ताकीद आहे की त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर न विचारता तिच्यावर नवीन लिहिलं जाईल, जपून वापरा. शिवाय जवळपास प्रत्येक टूलच्या शेवटी तेच एक वाक्य येतं की फक्त परवानगी दिलेल्या फोल्डरमध्येच चालतं. वाचताना माणसाला कंटाळा येईल, पण मॉडेलला कुठलं वर्णन कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही म्हणून प्रत्येकात ते असणं बरोबर आहे असं माझं मत. आणि कुठले फोल्डर चालतात ते विचारायला वेगळं टूल दिलंय, त्याच्या वर्णनात सांगितलंय की फाइलला हात लावण्याआधी हे बघून घ्या.

रीडमीमध्ये, म्हणजे सर्व्हरसोबत माणसांसाठी दिलेल्या माहितीच्या पानावर, एक तक्ता आहे तो मी प्रिंट काढून भिंतीवर लावलाय. कुठलं टूल फक्त वाचतं, कुठलं टूल आधीचं नष्ट करू शकतं, आणि कुठलं टूल तेच इनपुट देऊन दोनदा चालवलं तरी फरक पडत नाही, असे कॉलम आहेत. फोल्डर बनवायचं टूल दोनदा चालवलं तर काही बिघडत नाही, पण फाइलमध्ये बदल करायचं टूल दोनदा चालवलं तर बदल दुप्पट लागू शकतो किंवा फेल होतो. ही माहिती एमसीपीमध्ये अ‍ॅनोटेशन म्हणून टूलसोबतच पाठवता येते. नेट गेलं, उत्तर आलं नाही, आता परत पाठवू की नको, हा प्रश्न सांगलीत दिवसातून चार वेळा येतो आणि त्याचं उत्तर या एका कॉलममध्ये आहे. अर्थात अ‍ॅनोटेशन ही नुसती सूचना असते, अनोळखी सर्व्हरने पाठवलेल्यावर आंधळा विश्वास ठेवू नये असं स्टँडर्डमध्येच लिहिलंय.

इथली चूक मात्र मला खटकली. फाइलमध्ये बदल करायच्या टूलला ड्राय रन नावाचा पर्याय आहे, चालू केला की प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल ते दाखवतो. रीडमीमध्ये ठळक लिहिलंय की नेहमी आधी ड्राय रन करून बघा. पण टूलचं वर्णन वाचा, तिथे हा सल्ला नाही, पॅरामीटरपाशी, म्हणजे भरायच्या त्या रकान्यापाशी, फक्त एवढंच की बदल आधी दाखवतो, आणि डीफॉल्ट बंद आहे. सगळ्यात कामाचा सल्ला माणूस वाचतो त्या पानावर राहिला आणि ज्याने तो पाळायचा त्याच्यापर्यंत गेलाच नाही. एवढ्या विचाराने लिहिलेल्या सर्व्हरमध्ये हे होऊ शकतं तर आपल्या सगळ्यांच्यात होत असणार, म्हणून मुद्दाम सांगतोय.

टाइम सर्व्हर छोटा आहे, दोनच टूल, आत्ताची वेळ आणि वेळेचं रूपांतर. टाइमझोनच्या पॅरामीटरमध्ये लिहिलंय की आयएएनए पद्धतीचं, म्हणजे खंड/शहर असं, नाव द्या, सोबत न्यूयॉर्क आणि लंडनची उदाहरणं, आणि युजरने झोन सांगितला नसेल तर हा वापरा म्हणून ज्या मशीनवर चालतोय तिथला झोन त्या वाक्यात आपोआप भरलेला असतो. आमच्याकडे तिथे एशिया/कोलकाता येतं. ही एक ओळ नसती तर मॉडेलने आयएसटी वगैरे पाठवलं असतं, आणि आयएसटी म्हणजे भारताचीही वेळ, इस्रायलचीही आणि आयर्लंडचीही. दुबईच्या पार्टीला फोन करायचा तर दीड तासाचा फरक बरोबर देतो, नेपाळसारखा पाव-पाऊण तासाचा फरक पण कोडमध्ये लक्षात घेतलाय.

पण रूपांतराच्या टूलचं वर्णन फार त्रोटक आहे, एका झोनमधली वेळ दुसऱ्यात करून देतो, एवढंच. कोड वाचला तर कळतं की तो कायम आजची तारीख धरून हिशोब करतो, तारीख द्यायला जागाच नाही. भारतात आणि दुबईत घड्याळ मागेपुढे होत नाही म्हणून आपल्याला फरक पडत नाही, लंडनला पडतो, तिथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, उन्हाळ्यात आपला फरक साडेचार तासांचा आणि हिवाळ्यात साडेपाचचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुणी नोव्हेंबरच्या मीटिंगची वेळ विचारली तर उत्तर एक तासाने चुकणार आणि चुकलंय हे कुणालाच दिसणार नाही. आजच्या तारखेप्रमाणे हिशोब होतो, एवढं एक वाक्य वर्णनात घातलं असतं तर मॉडेलनेच सांभाळून घेतलं असतं.

आता हे सगळं मी इतकं बारीक का बघतोय ते सांगतो. सीझनमध्ये आम्ही एका ट्रान्सपोर्ट सेवेचा सर्व्हर जोडला होता, नाव घेत नाही. त्यात ट्रॅक आणि स्टेटस अशी दोन टूल, दोघांचं वर्णन जवळपास एकच. बुकिंगच्या टूलमध्ये तारखेपुढे फक्त तारीख असं लिहिलेलं, दिवस आधी की महिना आधी काही नाही. ५ एप्रिलला सकाळी गाडी हवी होती, १२० पोती जायची होती. एजंटने आपल्या सवयीने ०५/०४ पाठवलं, त्यांच्या सिस्टिमने महिना आधी धरून ४ मे ची गाडी बुक केली आणि उत्तरात फक्त बुकिंग झालं एवढंच आलं. ५ तारखेला आठ वाजल्यापासून हमाल गोडाऊनच्या दारात बसून होते, गाडी नाही, शेठचा फोन मला, मी त्यांच्या ऑफिसला, आणि दुपारी तीनला कळलं की गाडी पुढच्या महिन्याची आहे. त्या लोकांची मजुरी बुडाली, ती शेठनी दिली पण दिवस गेला तो गेलाच. तारखेच्या वर्णनात वर्ष, महिना, दिवस असा क्रम लिहिला असता आणि उत्तरात ४ मे, सोमवार किंवा जो वार असेल तो, असं अक्षरात परत सांगितलं असतं, तर एजंटला तिथल्या तिथे कळलं असतं. त्यांचे एरर पण असेच, नुसता ४२२ हा एरर कोड, पुढे काही नाही. पिनकोड राहिला होता एकदा, एजंटने सात वेळा वेगवेगळं काहीतरी पाठवून बघितलं.

आणि चूक फक्त त्यांची असं नाही, आमच्या स्वतःच्या टूलमध्ये पण होती. स्टॉकच्या टूलचं वर्णन मीच लिहिलं होतं, स्टॉक अपडेट करतो, आणि पॅरामीटर होता प्रमाण, नंबर. कोडमध्ये ते क्विंटल धरलेलं, आम्हा चौघांना ते इतकं माहीत की लिहायचं सुचलंच नाही. टेस्टिंगला बसवलेल्या मुनीमजींनी टाइप केलं, चाळीस पोती आली. एजंटने ४० टाकलं. पोतं होतं ५० किलोचं, म्हणजे माल आला २० क्विंटल आणि वहीत चढला ४० क्विंटल. मुनीमजींनी स्क्रीनकडे बघून शांतपणे विचारलं, साहेब ही वीस क्विंटल हळद तुमच्याकडे ठेवलीय का. टेस्टिंग होतं म्हणून निभावलं.

त्या रात्री बसून आम्ही सगळी वर्णनं नव्याने लिहिली, फेचचं वर्णन शेजारी उघडं ठेवून. आता स्टॉकच्या टूलचं वर्णन असं आहे: एका गोडाऊनातल्या एका लॉटची आवक किंवा जावक नोंदवतो. वजन नेहमी किलोत द्या. पोत्यांची संख्या वेगळ्या फील्डमध्ये द्या, पोत्यांवरून वजन स्वतः काढू नका कारण पोत्याचं वजन प्रत्येक लॉटचं वेगळं असतं, वजन माहीत नसेल तर युजरला विचारा. तीच नोंद दोनदा पाठवली तर माल दोनदा चढतो, म्हणून उत्तर आलं नाही तर परत पाठवण्याआधी शेवटच्या नोंदी बघा. पॅरामीटरचं नाव पण बदललं, प्रमाण काढून वजन किलो. लॉट सापडला नाही तर आधी फक्त नाही सापडला असं यायचं, आता त्याच गोडाऊनातल्या जवळच्या नावांचे लॉट यादीत येतात आणि त्यातला कुठला हे युजरला विचारा असं लिहून येतं. आणि प्रत्येक नोंदीनंतर काय नोंदवलं ते पोती, किलो आणि तारखेसकट परत सांगतो.

भाषेचा प्रश्न पण आला. वर्णनं आम्ही इंग्रजीत ठेवलीत पण अडत, तोलाई, हमाली, काडी, गठ्ठा हे शब्द मराठीत तसेच ठेवून शेजारी एका ओळीत अर्थ दिलाय, कारण मुनीमजी तेच शब्द टाइप करणार. हळदीत काडी आणि गठ्ठा या वेगळ्या प्रती आहेत आणि त्यांचा भाव वेगळा लागतो, हे मॉडेलला आपणहून कुठून कळणार. हे घातल्यापासून चुकीचा लॉट उचलणं जवळजवळ बंद झालंय.

तपासायला एमसीपी इन्स्पेक्टर आहेच, टूलची यादी मॉडेलला जशी दिसते तशी त्यात बघता येते, ते प्रत्येकाने एकदा तरी बघाच. पण आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच. ऑफिसात नवीन लागलेल्या बीकॉमच्या मुलीला फक्त टूलची यादी कागदावर दिली, सॉफ्टवेअर दाखवलं नाही, आणि मुनीमजींचे खरे वीस प्रश्न दिले, कुठलं टूल घेशील आणि त्यात काय भरशील ते लिही म्हटलं. ती जिथे जिथे अडली, साधारण तिथेच एजंट पण चुकत होता. फरक एवढाच की ती पेन खाली ठेवून म्हणायची, दादा हे कळलं नाही.

तर रेटिंग. फेच ५ पैकी साडेचार, एकूण लांबी सांगितली की पूर्ण ५. फाइलसिस्टम ४. टाइम ३, पण तो झोन भरून देणारा भाग नक्की उचला. तिन्ही फुकट आहेत, कोड उघडा आहे, वर्णनं वाचायला अर्धा तास पुरतो. एक लक्षात घ्या, हे सर्व्हर शिकण्यासाठी, नमुना म्हणून ठेवलेत असं त्यांनी स्वतःच लिहिलंय, जसेच्या तसे ग्राहकाच्या मशीनवर चढवू नका, आम्ही पण फाइलसिस्टमला एकच फोल्डर दिलाय आणि त्याची रोज कॉपी निघते. आणि फाइल बदलायच्या टूलच्या वर्णनात आमच्या कॉपीमध्ये आम्ही एक वाक्य स्वतः घातलंय: आधी ड्राय रन चालू ठेवून बदल युजरला दाखवा, तो हो म्हणाला की मगच ड्राय रन बंद करून परत चालवा.